तीन मिस कॉलनंतर

२ एप्रिल, बुधवार

डावं कोपर सोलपटलं. सातारा रस्त्यावरच्या सायकल ट्रॅकवर नेहमीप्रमाणे स्कूटर लावलेल्या, म्हणून खाली रस्त्यावर उतरले, आणि मागून डंपर. हॉर्न नाही. नुसती गरम हवा, खडीची धूळ, आणि मी त्याच स्कूटरींवर आडवी.

पुढच्या सिग्नलला तोच डंपर उभा होता. सायकल स्टँडवरही लावली नाही, टाकली तशीच, आणि त्याच्या दारावर तळहाताने थापा मारत सुटले. ड्रायव्हर वरून वाकून म्हणाला, "काय झालं काकू, पडलात का?" खरंच विचारत होता. त्याला पत्ताच नव्हता. मला त्याचाच जास्त राग आला.

मिलिंद कोपरावर डेटॉल लावताना : "चव्वेचाळीस वर्षांची आहेस. बास कर आता ती सायकल." म्हटलं, डंपर वय विचारून येत नाही. तो हसला नाही.

संध्याकाळी लेलेकाका दारात. सोसायटीचे सेक्रेटरी. हातात टाकीच्या कुलपांच्या किल्ल्यांचा जुडगा. एप्रिलची टँकरची पाळी आमच्या घराकडे. "तुम्ही घरीच असता ना. लिहीत वगैरे."

वगैरे.


४ एप्रिल, शुक्रवार

जिन्याखाली लेलेकाकांच्या (वहीत ले.का. पुरे) अक्षरातली पाटी आज पहिल्यांदा नीट वाचली. "टँकरचालकाशी फोनवर बोलू नये. तो वाहन चालवीत असतो. मिस कॉल द्यावा. एक – निघावे. दोन – उशीर झाला. तीन – टाकी रिकामी. चौथ्याची वेळ येत नाही."

आज एकातच आला. गोरख. पस्तिशीचा असेल. हसताना तोंडावर हात धरतो, लहान मुलीसारखा. "मॅडम, तुम्ही नवीन का? काका लई बारीक बघत्यात. टाकीत काठी घालून." दिवसाला बारा फेऱ्या करतो. झोपता कधी, विचारलं. "पाइप लावला की पंधरा मिन्टं हायेत की."

मंदाताई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "त्या टँकरवाल्याला सांगा, गल्लीत वळताना हॉर्न मारत जा. परवा पदराला घासून गेला माझ्या." सायकलवर होत्या. माझी जुनी जांभळी सायकल, गेल्या वर्षी मीच दिलेली. त्याआधी अप्परच्या टेकडीवरच्या वस्तीतून चालत यायच्या. त्यांनी घंटी तेवढी बदलून घेतली, पितळी, टणटणीत. ती खालून वाजली की मी गॅसवर तवा ठेवते.

गोरखला सांगायला हवं.


७ एप्रिल, सोमवार

मैत्रीला क्लासला सायकलने जायचंय. नाही म्हटलं. "तू चालवलीस की चालतं, आणि मी चालवली की इश्यू? आई, सीरियसली." दार आपटलं. सतरा वर्षं. तिचं बरोबर आहे, म्हणूनच ओरडले.

नळाला आज बोटाएवढी धार, तीही वीस मिनिटं. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून एकच : पाणी? पाणी?? टँकर???


९ एप्रिल, बुधवार

मंदाताई. टँकरखाली. आपल्याच गल्लीच्या तोंडाशी.

जिवंत आहेत.

हात सारखे धुते आहे. धुवायलाही पाणी नाही.


१० एप्रिल, गुरुवार

लिहून काढते.

काल सकाळी खालची टाकी कोरडी. सात वाजता पहिला मिस कॉल. सव्वासातला दुसरा. साडेसातला तिसरा. ग्रुपवर लोक चवताळलेले. कुणाचं बाळ, कुणाचं ऑफिस. चौथ्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "पाळी जमत नसेल तर सांगा तसं!" मी गेटपाशी उभी, हातात किल्ल्या. ७:४२ ला परत फोन लावला आणि कापला नाही. वाजू दिला. त्याने उचलला. एकोणीस सेकंद.

"अहो, कुठे आहात? सगळे खोळंबलेत इथे. लवकर या!"

"आलो मॅडम, वळतोच—"

मग आवाज. तो मला लिहिता येणार नाही. स्टीलचा भरलेला डबा कुणी बुटाने चेपावा तसा, पण मधे काहीतरी ओलं.

पळाले. इस्त्रीवाल्याच्या दुकानासमोर टँकर गल्लीत अर्धा वळलेला. मागचं डावं चाक. चाकाखाली जांभळी सायकल, आणि सायकलीत मंदाताईंचा उजवा पाय. गुडघ्यापासून खाली पाय असा नव्हताच. साडी आणि हाड आणि साखळी, एकात एक. त्या ओरडत नव्हत्या. आभाळाकडे बघत होत्या. टँकरच्या कॉकमधून पाणी गळत होतं आणि रक्ताबरोबर गटाराकडे चाललं होतं. इतकं पाणी.

इस्त्रीवाल्याने गाडी थोडी पुढे घे म्हणून आरडाओरडा केला, दुसरे म्हणाले हलवू नका. कोणीतरी गोरखला केबिनमधून खाली ओढला. दूध आणायला निघालेले, जिमला निघालेले, आमच्या इमारतीतलेही. मारायला लागले. डोकं दारावर आपटलं. पोटात लाथा. तो हात जोडत होता, आणि हात जोडले की तोंड उघडं पडायचं.

मीही मारलं.


११ एप्रिल, शुक्रवार

सरकारी दवाखाना. पाय मांडीपासून काढला. त्यांची बहीण पुष्पा बाहेर बाकावर, मांडीवर एकच चप्पल. "दुसरी सापडली नाही," म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "आणि लागणार पण नाही."

मंदाताई शुद्धीत आल्या तेव्हा मी आत होते. मला बघून त्यांनी पहिलं काय विचारावं? "पोळ्यांचं काय केलंत?"

बाहेर येऊन जिन्यात ओकले.


१३ एप्रिल, रविवार

कोणीतरी व्हिडिओ काढला होता. ग्रुपवर आलाय. त्यात मी आहे. गर्दीतून घुसते, हात वर जातो, जुडग्यासकट गोरखच्या तोंडावर. तो खाली बसतो. मी परत. खाली शेरे : "सुजाताताई, सलाम." "रणरागिणी!" "अशीच अद्दल घडायला हवी." एका बाईंनी फुलं पाठवली. चित्रातली.

मी किती वेळा बघितला, माहीत नाही. ती बाई माझ्यासारखी दिसते.

दुपारी पोलीस चौकीत बोलावलं. फौजदार बाई तरुण, थकलेल्या, चहा पुढे सरकवला. टँकर तुम्हीच मागवला होता ना? हो. फोन केला होता? मी म्हटलं, "मिस कॉल दिले होते. पद्धतीप्रमाणे. तीन."

तीन. हे खरंच आहे.

त्यांनी लिहून घेतलं. सही आत्ता नाही, म्हणाल्या, टाइप झालं की परत यावं लागेल. जाताना सहज म्हणाल्या, "ड्रायव्हर म्हणतो गाडीत फोन नव्हताच. बाई डावीकडून जोरात घुसली म्हणतो. आणि बाईंनी स्वतःच जबाबात सांगितलंय, जोरात मारली सायकल म्हणून. मग अवघड होतं हो. चूक त्यांचीच धरली तर भरपाईचं काही खरं नाही."

चहा प्यायले. सगळा.


१४ एप्रिल, सोमवार

जयंती. पांढरी साडी नेसले. सासरे सकाळीच कोपऱ्यावरच्या हॉलमध्ये गेलेले. घरी मेणबत्ती लावली, पंचशील म्हणायला बसलो तिघं. पहिलं शील, हिंसा न करण्याचं, नुसतं पुटपुटले. चौथं, खोटं न बोलण्याचं, तिथे आवाजच फुटला नाही. मिलिंदने माझ्याकडे बघितलं, आणि माझं त्याने मोठ्याने म्हटलं. मैत्रीच्या लक्षात नाही आलं. किंवा आलं.

संध्याकाळी मिरवणुकीचे ढोल. प्रत्येक ठोक्याला तो डबा चेपल्याचा आवाज.


१६ एप्रिल, बुधवार

अनोळखी नंबर. "मॅडम, गोरख बोलतोय. जामीन झाला." बोलणं बोबडं येत होतं, ओठ शिवलाय.

"मॅडम, मालकानं सांगितलंय फोन नव्हताच म्हनायचं. लायसन जाईल न्हाईतर. तुमचा पन फोन व्हता. मी तुमचं नाव घेतलं न्हाई. तुम्ही बी बोलू नका. दोघांचं बी..."

"दोघांचं बी काय?"

"झाकून ऱ्हाईल."

फोन ठेवताना म्हणाला, "मावशींचं कसं हाय?" मी कापला.


१७ एप्रिल, गुरुवार

ही वही कोणी वाचत नाही. तरी इथेही लपवते आहे.

त्या सकाळी गर्दीत गोरखने मला बघितलं. इतके लोक मारत होते, त्यात त्याला एक ओळखीचा चेहरा दिसला. तो म्हणाला, "मॅडम, तुमचाच फोन—" आणि मी मारलं. मंदाताईंसाठी नाही. त्याचं वाक्य पुरं होऊ नये म्हणून. बरोबर तोंडावर. किल्लीचं टोक वरच्या ओठात शिरलेलं मला हातात कळलं, कणीक फाटावी तसं. आणि तो परत तोंड उघडेल म्हणून परत मारलं.

व्हिडिओत आवाज नाही. ढोल-ताशांचं गाणं लावलंय वर.

आणि अजून एक. फोनवर त्या आवाजाच्या आधी घंटी वाजली होती. पितळी. दोनदा. चाकाखाली कोण आहे हे मला पळायच्या आधीच माहीत होतं.

गोरखला हॉर्नचं सांगितलं नव्हतं. तेही.


२० एप्रिल, रविवार

सकाळी मंदाताईंच्या वाटेने गेले. अप्परवरून उतार, मग मुख्य रस्ता, मग आपली गल्ली. त्या रोज कशा येत असतील ते बघायला. उतारावर ब्रेक दाबून बोटं दुखली. रस्त्याच्या डाव्या कडेला सायकलला जागा किती? झाडूच्या रुंदीएवढी. त्यातही झाकण नसलेलं चेंबर.

मग सिमेंटचा मिक्सर. मागून आला आणि हळूहळू डावीकडे दाबत गेला. मी ओरडत होते. त्याचं ते पोट फिरत होतं, मातकट पाणी माझ्या खांद्यावर. फुटपाथच्या कडेला पेडल घासून ठिणग्या उडाल्या. एक वीत. एक वीत राहिली असेल.

तो पुढे गेला. मी उतरले, विटेचा तुकडा उचलला, फेकला. पोटावर लागला, टण्ण. मिक्सर थांबला. ड्रायव्हर हातात टॉमी घेऊन उतरला, चाक खोलायची ती लोखंडी सळई. पन्नाशीचा माणूस, बनियनवर. मी दुसरा तुकडा उचलला. डोक्याचाच नेम धरला होता. खरं लिहिते, डोक्याचाच.

"बाई, येड लागलंय का?"

"मारा ना," मी म्हणाले. "या, मारा."

मागे गाड्या हॉर्न मारायला लागल्या, एक बसवाला ओरडला, "ओ ताई, संसाराचं घरी बघा, रस्ता सोडा!" लोक हसले. ड्रायव्हर सळई खाली करून म्हणाला, "दिसलाच न्हाई तुम्ही. आईशपथ." आणि गेला.

वीट घरापर्यंत सायकलच्या टोपलीत होती. काढून टाकायचं सुचलंच नाही.


२२ एप्रिल, मंगळवार

फोनच्या यादीत तो कॉल रोज खाली सरकतो. नवीन कॉल वर येतात, तो खाली जातो. "टँकर गोरख, ७:४२, १९ सेकंद." आज तिथपर्यंत पोचायला अकरा वेळा बोट फिरवावं लागलं. त्यावर बोट दाबून धरलं. "काढून टाकायचं?" फोनने विचारलं. किती सभ्यपणे.

नाही म्हटलं. पण लगेच नाही.

दवाखान्यात मंदाताईंना ताप. पुष्पा म्हणाली, पंचनाम्यात सायकलची चूक आलीये. वकील म्हणतो साक्षीदार आणा, टँकरवाला बेफिकीर होता हे सांगणारा. "इस्त्रीवाल्याने बघितलं नाही. कोणीच बघितलं नाही म्हणतात, ताई. मारायला मात्र सगळे होते."


२४ एप्रिल, गुरुवार

ले.का.ंना सांगितलं. जिन्याखाली, त्यांच्या पाटीसमोरच. की मी चौथा फोन केला होता, आणि तो बोलत होता माझ्याशी, आणि हे मी पोलिसांना सांगणार आहे.

ते पाटी वाचू लागले. स्वतःचंच अक्षर तपासत असल्यासारखे.

"नियम होता," म्हणाले.

"हो."

"मग मोडला का?"

"चौथ्या मजल्यावरून लोक ओरडत होते."

"लोक ओरडतातच. मीही ओरडतो. टाकी त्याने भरत नाही." मग आवाज खाली आणला. "कोणी विचारलंय तुम्हाला चौथ्याबद्दल? नाही ना? मग तुम्ही कशाला उत्तरं वाटत फिरताय? टँकरमालकाने कळवलंय, या गल्लीतून कोणी साक्ष दिली तर पाणी बंद. मे महिना तोंडावर आहे. तुमचं सत्य चाळीस घरं पिणार आहेत का?"

मी म्हटलं, मंदाताई तुमच्याकडेही पोळ्या करत होत्या. बारा वर्षं.

"माहीत आहे." चष्मा काढून पुसला. "सध्या मीच करतो. नकाशे होतात."

वर जाताना चार पायऱ्यांवर थांबले, पाठमोरे. "पायाचं कसं आहे त्यांच्या?" पाय नाही, हे त्यांनाही माहीत आहे.


२६ एप्रिल, शनिवार

मिलिंदला सगळं सांगितलं. ओठाचंही. तो सरकारी नोकरीतला माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज वाचतो. म्हणाला, "तुझ्यावर मारहाणीचा गुन्हा लागू शकतो. व्हिडिओ आहे." मग : "पण तुला योग्य वाटतं ते कर."

हे वाक्य मला फेकून मारावंसं वाटलं. समजूतदार वाक्य. त्यावर डोकं टेकायला जागा नाही.


२९ एप्रिल, मंगळवार

मैत्री क्लासला सायकलने गेली. माझी सायकल घेऊन, मी आंघोळीला गेल्यावर. दोन तास. मी गल्लीच्या तोंडाशी उभी, इस्त्रीवाल्यासमोर. रस्त्यावरचा डाग आता डाग राहिलेला नाही, टायरांनी पुसला. प्रत्येक ट्रकबरोबर मी मेले.

ती आली. घामाने लाल, खूश. "आई, रिलॅक्स, मी एकदम कडेकडेने—"

थोबाडीत मारली. रस्त्यात. चार बोटं उठली गालावर.

ती रडली नाही. म्हणाली, "सेम व्हिडिओतल्यासारखं मारलंस."


३० एप्रिल, बुधवार

पाळी संपली. जुडगा तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीवहिनींना दिला. देण्याआधी ब्रशने घासला. त्यांनी विचारलं, "एवढ्या चकचकीत कशा?" म्हटलं, चिंचेने.

मैत्री बोलत नाही.


५ मे, सोमवार

मंदाताई घरी आल्या. भेटायला गेले, सांगायचंच ठरवून. पत्र्याची खोली, पंखा गरम हवा फिरवतो. जमिनीवर पोळपाट, त्या भिंतीला टेकून बसलेल्या, पोळी लाटत होत्या. "बघा ताई. बसून येतात की. उगीच इतकी वर्षं उभं केलंत ओट्याशी."

हसल्या. मी हसले. पुष्पा नाही हसली.

मांडीच्या टोकाला फडकं गुंडाळलेलं. मधेच त्यांचा हात नसलेल्या पोटरीकडे जायचा, खाजवायला, आणि हवेत थांबायचा.

सांगितलं नाही. दोन पोळ्या खाऊन आले.


८ मे, गुरुवार

चौकीतून फोन. जबाब टाइप झालाय, सहीला या. "तीन मिस कॉल" वाला. येते म्हटलं. म्हटलं, घरात पौर्णिमेची तयारी आहे, सोमवार होऊ दे.

नवा टँकर येतो आहे. नवा ड्रायव्हर. तोही वळताना हॉर्न मारत नाही.


१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. खीर केली. दुपारी डबा घेऊन मंदाताईंकडे गेले. पुष्पा कामावर गेलेली, त्या एकट्याच.

त्यांनी वाटी हातात घेतली आणि मी बोलायला लागले. म्हटलं, त्या दिवशी टँकरवाला फोनवर बोलत होता. त्या खीर खात राहिल्या. म्हटलं, माझ्याशी बोलत होता.

"माहीत आहे," म्हणाल्या.

मला वाटलं पुष्पाने, ले.का.ंनी, कोणीतरी. नाही.

त्यांचंच बोलणं लिहून ठेवते, जसंच्या तसं. विसरायला नको. विसरणार नाहीच.

"मी त्याच्या डाव्या अंगाला होते. काच खाली होती त्याची, फोन पुढं अडकवलेला, आवाज मोठा. मला उशीर झाला होता त्या दिवशी. पावणेआठ होत आलेले. आणि एकदम तुमचा आवाज. 'कुठे आहात? सगळे खोळंबलेत. लवकर या.' मी वर बघितलं. मला वाटलं, ताई मलाच म्हणतायत. टँकरमधून कशा म्हणतील, एवढा विचार कुठे सुचतो? म्हटलं, रागावल्या. घंटी मारली, येतेय म्हणून. आणि पायडल जोरात मारलं."

पंखा फिरत होता.

"पोलिसांना सांगितलं ना मी, जोरात मारलं म्हणून. कशामुळे ते त्यांनी विचारलंच नाही. लिहून घेतलं, अंगठ्याची शाई पुसायला कागद दिला."

मी विचारलं, का नाही सांगितलंत? इतके दिवस? मी दवाखान्यात येत होते. तुमच्या हातच्या पोळ्या खाल्ल्या मी.

"वाट बघत होते."

"कशाची?"

त्यांनी वाटी खाली ठेवली. अर्धी राहिली होती. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "कशाची म्हणजे? माझा पाय गेला, ताई! मीच सांगायचं, आणि तुम्हाला पण मीच सांभाळायचं? त्या गोरखचं तोंड फोडलंत. मी पडल्या पडल्या बघितलं. मला वाटलं माझ्यासाठी."

वाटी त्यांनी फेकली. माझ्यावर नाही, दारावर. खीर पत्र्यावरून ओघळत राहिली. मी उठून पुसायला लागले तर म्हणाल्या, "राहू दे. ते पण मी करीन. बसून येतं."

मी दारात चपला घालत होते तेव्हा म्हणाल्या, शांतपणे, "आता मला सांगून काय करता? मला माहीतच होतं. तिकडं जाऊन सांगा."


१३ मे, मंगळवार

चौकीच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. साडेनऊपासून. फौजदार बाई बंदोबस्ताला गेल्यात, येतील म्हणे. टाइप केलेला जबाब आत टेबलावर आहे, शिपायाने खिडकीतून दाखवला. "नुसती सही आहे ना मॅडम? मग इथे करा की. कशाला थांबताय?" पेनही पुढे केलं. म्हटलं, बदलायचं आहे त्यात. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्याच्या जेवणाच्या डब्यात हात घातला.

सकाळी निघताना मैत्री दारात आली. पंधरा दिवसांनी पहिलं वाक्य : "सायकलने जाऊ नकोस." मग : "किंवा जा. पण कडेने नको. मधून जा, दिसशील तरी."

मधून आले. मागे सगळे हॉर्न मारत होते. एका ट्रकवाल्याने काच खाली करून शिवी दिली, आईवरून. मी बाजूला झाले नाही. छाती इतकी जोरात उडत होती की स्वारगेटकडून येणारी बस आणि छाती वेगळी कळेना.

कॉल शोधून ठेवलाय. तेवीस वेळा बोट फिरवावं लागलं. ७:४२, १९ सेकंद. स्क्रीन विझू नये म्हणून अधूनमधून बोट लावते.

आत काय काय सांगायचं? फोन. घंटी. ओठ. क्रमाने सांगेन का? तोंड उघडेल का? गोरखच्या तोंडाचं आधी की मंदाताईंच्या पायाचं... आणि पाणी बंद झालं तर चाळीस घरांत मी कुठल्या जिन्याने वर जाणार आहे?

ग्रुपवर मेसेज वाजतायत. टाकी रिकामी. कुलकर्णीवहिनी : "तीन मिस कॉल देऊन झाले. येत नाहीये मेला. आता सरळ फोन लावते."

मी लिहिलं, "लावू नका. तो गाडी चालवतोय."

लगेच उत्तर, चौथ्या मजल्यावरून : "मग पाणी तुम्ही आणताय का सायकलवरून?" खाली हसणारे चेहरे. सात-आठ.

ले.का. टाइप करतायत असं दिसतंय. थांबले. परत टाइप करतायत.

जीप आली. फौजदार बाई उतरल्या, टोपी काढली, मला बघून म्हणाल्या, "अरे, तुम्ही? सहीच ना? दोन मिनिटांचं काम आहे, या."